माहोऱ्यांच्या घरची भरती

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी पियुषनं अर्धा पेढा तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडानंच जाहीर केलं, "बाबा, मी प्रादेशिक सेनेत चाललो."

गजेंद्र माहोरेच्या हातातला पेढा हातातच राहिला. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्यांच्या छोट्या घरात त्या वेळी बाहेरचं माणूस म्हणजे फक्त शेजारचे सूर्यभानजी इंगोले होते. पण सूर्यभानजी हजर असणं म्हणजे गल्ली हजर असणं. बत्तीस वर्षं त्यांनी एस.टी.त कंडक्टरकी केली होती. निवृत्त झाले तरी एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचवायची सवय काही गेली नव्हती.

"कोनत्या प्रदेशात?" गजेंद्रनं विचारलं.

"प्रदेशात नाई बाबा. टेरिटोरियल आर्मी. राखीव सैन्य राह्यते ते. वर्षातून दोन महिने ट्रेनिंग, बाकी टाइम आपल्या घरी. देशाले गरज पडली का बलावतात."

"अन् कॉलेज?"

"ते नंतर."

'नंतर' हा शब्द गजेंद्रच्या चांगल्या ओळखीचा होता. पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात तो वरिष्ठ लिपिक होता. त्याच्या टेबलावर 'नंतर पाहू' असा शेरा पडलेल्या फायली येत, आणि आल्या की परत जात नसत. काही फायलींतले कालवे नकाशावरच कोरडे पडले होते. आपल्या पोराचं शिक्षण त्या फायलींच्या कपाटात जाऊन बसलेलं त्याला डोळ्यांसमोर दिसलं.

"आधी कॉलेज," तो म्हणाला. "पदवी घे, मंग जायचं तं जाय. पदवी असली तं अधिकारी होता येते. नाई तं जल्मभर दुसऱ्याले सलाम ठोकत बसशीन."

"अधिकाऱ्यालेही त्याच्या वरच्याले ठोकाच लागते सलाम."

या वाक्यात तथ्य होतं, आणि ते गजेंद्रला रोज साडेदहा वाजता ऑफिसात अनुभवायला मिळत होतं. म्हणूनच त्याला जास्त राग आला.

सूर्यभानजींनी घसा साफ केला. "गजेंद्रभाऊ, मी सांगू का? गाडी फलाटाले लागली का पह्यले चढून घ्या लागते. सीट भेटते का नाई भेटत, ते आत गेल्यावर पाहू. कॉलेज काय, दर वर्षी लागते. जाऊ द्या पोट्ट्याले."

संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन पक्ष पडले. 'आधी सैन्य' पक्षाचे अध्यक्ष सूर्यभानजी. 'आधी कॉलेज' पक्षाचं नेतृत्व कोपऱ्यावर हारफुलं विकणाऱ्या जाईबाईंकडे गेलं. त्यांचा मुद्दा असा होता की कॉलेजात गेलेला पोरगा निदान रोज घरी जेवायला तरी येतो. गजेंद्र त्यांच्याच पक्षाचा, पण हा मुद्दा त्याला फारसा वजनदार वाटला नाही. जाईबाई मात्र गिऱ्हाइकागणिक तो मांडत राहिल्या. दोन दिवसांत अशी वेळ आली की कोणी देवाला गुलाबाचा हार मागितला, तरी आधी पियुषबद्दल मत द्यावं लागे.

तोडगा शेवटी रागिणीनं काढला. गजेंद्रची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरातसुद्धा तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

"अमरावतीले भरती हाय ना पाच आठवड्यानं? मंग पह्यले त्याले पास तं होऊ द्या! पास झाला का मंग भांडजा, आधी का नंतर ते. आता कायले डोकं खाऊन राहिले दोघं बापलेक?"

गजेंद्रनं होकार दिला. मनातून त्याला खात्री होती की सकाळी नऊला उठणारा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मोटरसायकलनं जाणारा आपला मुलगा सोळाशे मीटर धावणार नाही. म्हणजे होकार दिल्याचं पुण्य मिळेल आणि कॉलेजही वाचेल. गजेंद्रच्या आयुष्यात इतका बिनचूक बेत याआधी जमला नव्हता. या वेळीही जमला नाही.

कारण पियुष खरंच पहाटे उठायला लागला.

तिसऱ्या दिवशी गजेंद्रला राहवलं नाही. पोरगा पडावा असं त्याला वाटत होतं खरं, पण कामात ढिलाई दिसली की त्याच्या अंगावर काटा येई. तो स्कूटर काढून मागं निघाला. एका हाताच्या मनगटावर घड्याळ, डोक्याला टॉवेल. पियुष पुढं पळतोय, बाप मागून स्कूटरवर. पोराचा वेग मंदावला की गजेंद्र ओरडे, "वेग धर! वेग धर!" रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे आणि स्कूटरच्या आवाजामुळे लोकांना त्यातलं फक्त "धर! धर!" एवढंच ऐकू जात होतं.

चौकातल्या चहाच्या टपरीवर सहा-सात भली माणसं बसली होती. घाबरलेल्या चेहऱ्याचा एक तरुण पळत येतोय, आणि मागून एक मध्यमवयीन गृहस्थ "धर! धर!" करत स्कूटरवरून येताहेत, हे पाहून त्यांच्यातला नागरिक जागा झाला. त्यांनी पियुषला धरला. नुसता धरला नाही, एकानं कानाखालीही ठेवून दिली.

"काय नेलं यानं तुमचं?" गजेंद्र पोचल्यावर त्यांनी विचारलं.

"माहा पोरगा हाय तो!"

"पोरगा असून चोरी करते? भाऊ, वेळीच वळण लावा त्याले."

सगळा उलगडा व्हायला वीस मिनिटं आणि आठ कटिंग लागले. ज्यानं कानाखाली दिली होती, तो माणूस इतका ओशाळला की दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच पियुषच्या मागं धावायला लागला. पियुषचं म्हणणं पडलं की त्याच्या भीतीनंच आपला वेळ अर्ध्या मिनिटानं सुधारला.

आता अर्ज भरणं आलं. इथं मात्र गजेंद्रनं कोणाचं ऐकलं नाही. "फॉर्म मी भरीन," तो म्हणाला. "वीस वर्षं मी लोकाईचे फॉर्म वापस करून राहिलो. चुकी कुठं होते ते मले मालूम हाय."

गल्लीच्या तोंडाशी नितेशचं ऑनलाइन सेंटर होतं. नितेश दोन बोटांनी टाइप करायचा, पण ती दोन बोटं बेफाम वेगानं चालत. गजेंद्र समोर बसला. पियुष घरी हरभरे खात होता. धावणाऱ्यानं भिजवलेले हरभरे खावेत असं जाईबाईंनी सांगितलं होतं. त्या विरोधी पक्षाच्या, पण आहाराच्या बाबतीत त्यांनी पक्ष बाजूला ठेवला होता.

"नाव?" नितेशनं विचारलं.

"गजेंद्र जानराव माहोरे."

"जन्मतारीख?"

गजेंद्रनं सांगितली.

"शिक्षण?"

"बी.ए., द्वितीय श्रेणी."

दोष कोणालाच देता येणार नाही. माणसाला वीस वर्षं सरकारी टेबलापुढं कोणीतरी 'नाव?' असं विचारत आलेलं असलं की त्या सुरात विचारल्यावर तोंडातून स्वतःचंच नाव निघतं. नितेशची बोटं चालत राहिली. फोटो जोडायच्या वेळी त्यानं गजेंद्रच्या मोबाइलमधून 'तो पासपोर्टवाला' उचलला, तोही गजेंद्रचाच. छापील अर्ज हातात आल्यावर गजेंद्रनं तो सवयीप्रमाणे तपासला. स्वल्पविराम पाहिले, पिनकोड पाहिला, माहोरेमधल्या 'हो'चा काना सुटला नाही ना ते पाहिलं. नाव वाचलं. ओळखीचं वाटलं, म्हणून पुढं गेला.

पुढची पायरी दाखल्यांची. माहोऱ्यांचं मूळ गाव तिवसा तालुक्यात. गजेंद्रचे वडील जानराव तिथं संत्र्याची बाग सांभाळून होते, आणि घरातल्या सगळ्यांची कागदोपत्री मुळं त्या बागेसारखीच तिथं रुजलेली. भरतीसाठी सरपंचाचे दोन दाखले हवे होते. एक चांगल्या वर्तणुकीचा, दुसरा अविवाहित असल्याचा. भरती सोमवारी सकाळी होती. म्हणून शनिवारी तिघं गावी गेले, म्हणजे दाखले घ्यायचे, मुक्काम करायचा, आणि तिथूनच अमरावती गाठायची.

सरपंच होत्या चंदावहिनी, गजेंद्रच्या चुलतभावाची बायको. बाई मोठ्या कामाच्या. गावात पाइपलाइन त्यांनी आणली, शाळेचं छप्पर त्यांनी घातलं. फक्त कागद वाचायचा त्यांना भारी कंटाळा. ग्रामपंचायतीत गजेंद्रचा छापील अर्ज पाहून दाखले तयार झाले, शिक्के बसले, आणि चंदावहिनींनी भाजी निवडता निवडता सह्या करून दिल्या.

रागिणीनं दोन्ही दाखले हातात घेतले. ती कुठलाही कागद हातात घेतला की नकळत लाल पेन शोधते. ती मोठ्यानं वाचू लागली.

"'दाखला देण्यात येतो की, श्री. गजेंद्र जानराव माहोरे हे माझ्या माहितीप्रमाणे अविवाहित आहेत.' अन् दुसरा, 'श्री. माहोरे यांची वर्तणूक चांगली आहे.'"

ओसरीवर जानरावांनी संत्र्याची फोड तोंडाजवळ नेलेली, ती तिथंच थांबली.

"पह्यलं खोटं हाय," रागिणी म्हणाली. "दुसऱ्याबद्दल मी सध्या काई बोलत नाई."

"अवं माय!" चंदावहिनींनी भाजी खाली ठेवली. "तुमच्या लग्नात मी दोन पंगती वाढल्या!"

"मंग सही कशी केली, वहिनी?"

"भाऊजीनं आनला कागद. मले वाटलं, शिकलेला मानूस हाय, पाहूनच आनला असंन."

"वीस वर्ष झाले लग्नाले," जानराव मध्येच म्हणाले, "आन् दाखल्यासाठी मले साक्षीदार म्हनून कोनी इचारलं बी नाई."

पियुष हसून हसून खाटेवरून खाली घसरला होता. गजेंद्रनं मात्र अर्ज उघडला, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. देशाच्या राखीव सैन्यात भरती व्हायला पियुष निघालाच नव्हता. निघाला होता तो स्वतः.

नितेशला फोन लागला. नितेशनं आपली दोन बोटं चालवून पियुषचा नवा अर्ज तासाभरात पाठवला. चंदावहिनींनी या वेळी दोन्ही दाखले अक्षर अक्षर लावून वाचले, पियुषला समोर उभं करून "खरंच नाई ना झालं बापा तुहं?" असं दोनदा विचारलं, आणि मगच सही केली.

"अन् माहा फॉर्म?" गजेंद्रनं नितेशला विचारलं. "तो रद्द कर."

"सर, रद्द करायचं बटनच नाई यात."

"असं कसं नाई?"

"आता नाई, तं नाई. रद्द करासाठी अर्ज करा लागते, अन् त्या अर्जाचं पान उघडून नाई राहिलं. राहू द्या ना सर. तुमी गेलेच नाई, तं कोन तुमाले धरून नेते?"

हे नितेशचं भाकीत होतं. एकाच वाक्यात ते किती चुकावं याला काही सीमा असते, पण ती सोमवारी सकाळी ओलांडली गेली.

अमरावतीच्या त्या मैदानावर सहाच्या सुमाराला हजारभर पोरं जमली होती. गेटवर एक हवालदार होता, आणि फक्त उमेदवारांनाच आत सोडत होता. पियुष आत गेला. तो गेल्यावर पाच मिनिटांनी गजेंद्रच्या लक्षात आलं की मूळ कागदांची फाईल आपल्याच काखेत आहे. ती त्यानं कालपासून कोणाच्या हातात दिली नव्हती. रात्री उशाखाली घेऊन झोपला होता.

"साहब, ये फाईल सिर्फ अंदर देनी है. मेरा लडका—"

"सिर्फ कँडिडेट."

"दो मिनिट का काम है."

"सिर्फ कँडिडेट, अंकल."

गजेंद्रनं वीस वर्षं लोकांना खिडकीबाहेर उभं केलं होतं. खिडकीबाहेर उभं राहिल्यावर काय वाटतं ते त्याला आज कळत होतं, आणि ते बिलकूल आवडत नव्हतं. त्यातून तो 'अंकल'. फाईल उघडली तर सगळ्यांत वर त्याची स्वतःचीच, अर्जासोबत छापून आलेली प्रवेशाची चिठ्ठी. फोटो, क्रमांक, सगळं जागच्या जागी. त्यानं ती हवालदारापुढं धरली.

हवालदारानं चिठ्ठी पाहिली. मग गजेंद्रच्या पोटाकडं पाहिलं. मग पुन्हा चिठ्ठी.

"इकतालीस?"

"इकतालीस साल, दस महिने."

"बयालीस तक चलता है." हवालदाराला नियम मोडायचा नव्हता, आणि नियमात हे पोट बसत होतं. "जाइए."

फाईल देऊन लगेच बाहेर यायचं, एवढाच गजेंद्रचा विचार होता. पण आत शिरल्यावर माणूस माणूस राहत नाही, रांगेतला आकडा होतो. एकानं उंची मोजली, ती भरली. दुसऱ्यानं शर्ट काढायला लावला. तिसऱ्यानं निळ्या मार्करनं छातीवर २१४ असा आकडा काढला, आणि गुदगुल्या झाल्यामुळं गजेंद्र हसला तर "हँसना मना है" असं बजावलं. "मी फाईल द्याले आलो" हे वाक्य त्यानं मराठीत, हिंदीत आणि हातवारे करून सांगून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "लाइन में."

तिवसा तालुक्याची तुकडी धावपट्टीवर उभी होती. पन्नास पोरं, हाफ पँट, स्पोर्ट्स बूट. त्यांच्यात एक गृहस्थ उभे. इस्त्रीची काळी पँट, पट्टा, पायात चामडी सँडल, कमरेच्या वर उघडे, काखेत फाईल.

"बाबा?" पियुषचे डोळे कपाळात गेले. "तुमी इथं कायले?"

"फाईल द्याले."

"फाईल तं धावल्यावर लागते! पास झाल्यावर!"

"हे मले काल काहून नाई सांगतलं?"

एवढ्यात सुभेदार पुढं आले. मिशा पिकलेल्या, आवाज न पिकलेला. "चार चक्कर, सोलह सौ मीटर. जिसको पीछे हटना है, अभी हट जाए. बाद में रोना नहीं."

गजेंद्रनं हात वर करायला सुरुवात केली होती, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. हात खांद्यापर्यंत आलाही होता. पण त्याच वेळी मागून एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "काकाले पाय बे. अर्ध्या चकरीत ॲम्बुलन्समंधी जाते." आणि दोघं खिदळले.

गजेंद्रनं हात तसाच पुढं नेऊन डोकं खाजवलं आणि खाली घेतला.

शिट्टी वाजली.

पहिली फेरी त्याला आठवत नाही. आपण उभे आहोत आणि बाकी सगळे पुढं जाताहेत, एवढंच जाणवत होतं. सँडल दर पावलाला 'फटक' असा आवाज करी आणि फाईल बरगडीत घुसे. फाईल खाली ठेवणं शक्य नव्हतं, त्यात मूळ गुणपत्रिका होत्या. मूळ गुणपत्रिका जमिनीवर ठेवणारा माणूस गजेंद्रच्या मते कुठल्याच सैन्यात घेण्याच्या लायकीचा नव्हता. कठड्यापलीकडून कोणीतरी ओरडलं, "फाईलवाले काका, चलो!" आणि बघता बघता बाहेरची दोनशे-तीनशे माणसं तेच ओरडायला लागली.

दुसऱ्या फेरीत पोरं एकेक करून त्याला मागं टाकून गेली. काही तर दुसऱ्यांदा गेली. तो खिदळणारा पोरगा जाताना "काका, सांभाळून" म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती. गजेंद्रला वाटलं, आपण आता मरणार, आणि ऑफिसातले लोक शोकसभेत सांगतील की माहोरेसाहेब फाईल हातात असतानाच गेले.

दुसरी फेरी संपता संपता फाईलची नाडी तुटली.

कागद उडाले. दहावी, बारावी, रहिवासी, शाळा सोडल्याचा, अविवाहित, सगळे दाखले धावपट्टीवर पसरले. गजेंद्र गुडघ्यांवर बसून ते गोळा करायला लागला. तेवढ्यात समोर एक जोडी बूट येऊन थांबले. पियुष होता. त्याची शेवटची फेरी चालू होती. रेषा शंभर पावलांवर होती.

"अबे थांबू नोको! पळ!" गजेंद्र ओरडला. "धर! वेग धर!"

पियुष खाली बसला, कागद गोळा केले, फाईल स्वतःच्या काखेत मारली आणि बापाच्या दंडाला धरून त्याला उभं केलं. रेषेवर वेळ संपल्याची शिट्टी वाजली ती दोघांनी ऐकली.

"आता चाला बाहेर," पियुष म्हणाला.

"किती झाल्या माह्या?"

"दोन."

"अजून दोन राह्यल्या."

"बाबा, वेळ संपला. कोनी मोजून नाई राहिलं."

"मी मोजून राहिलो," गजेंद्र म्हणाला आणि चालू लागला. चालताना थोडं धावल्यासारखं करावं, धावताना जास्तीत जास्त चालावं, अशी एक चाल त्याला सापडली होती. पियुष त्याच्या बाजूनं चालत राहिला. शेवटच्या वळणावर कठड्यापलीकडून टाळ्या सुरू झाल्या. त्यात रागिणीची शिट्टी होती. वीस वर्षांत गजेंद्रला माहीत नव्हतं की आपल्या बायकोला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारता येते.

सुभेदारांनी घड्याळ पाहिलं. "तेरह मिनट, दस सेकंड."

"सर," धापा टाकत गजेंद्रनं विचारलं, "पास के लिए कितना लगता है?"

"आप मत पूछिए." मग ते पियुषकडं वळले. "बेटा है? तू क्यों रुक गया?"

पियुषनं काखेतली फाईल पुढं केली.

"बारहवीं हुई? पढ ले. ये फौज उन लोगों की है जिनका अपना भी कुछ काम-धंधा हो. पढाई कर, कुछ बन, फिर अफसर का इम्तिहान दे. दौड तो फिर हो जाएगी." त्यांनी गजेंद्रकडं एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, टाच टाचेला लावली आणि कडक सलाम ठोकला. चेष्टा होती की खरा होता, हे गजेंद्रला कळलं नाही. त्यानं तो खरा समजून घेतला.

अकोल्याला परतताना बसमध्ये गजेंद्र खिडकीकडं तोंड करून बसला होता. पाय पोटऱ्यांपासून दगड झाले होते, पण खरं ओझं वेगळंच होतं. पाच आठवडे पोरगा पहाटे उठला, त्यानं कानाखाली खाल्ली, किलो-दीड किलो हरभरे पचवले, आणि शंभर पावलं उरली असताना बापाच्या नाडीनं त्याची भरती घालवली. पोरगा नापास व्हावा असं आपणच मनात धरलं होतं, हे आठवून तर त्याला खिडकीबाहेर पाहणंही जड गेलं.

गल्लीच्या तोंडाशी दोन्ही पक्ष उभे होते. जाईबाईंनी शेवंतीचा हार केला होता. पक्ष काहीही असो, हार वाया जाऊ नये म्हणून तो त्यांनी गजेंद्रच्या गळ्यात टाकला.

"मंग काय ठरलं?" सूर्यभानजींनी विचारलं. "आधी का नंतर?"

"नंतर," पियुष म्हणाला.

"आधी!" त्याच क्षणी गजेंद्र ओरडला.

गल्ली चक्रावली. जाईबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. ज्या पक्षाच्या त्या अध्यक्ष होत्या, त्या पक्षातून त्यांचा एकमेव सभासद असा भर रस्त्यात फुटला होता.

"पुढच्या भरतीले तो पुन्हा जाईन," गजेंद्र सांगू लागला. "कॉलेज कुठं पळून जाते? गाडी लागली का पह्यले चढून घ्या लागते."

"तेच तं मी म्हनत होतो!" सूर्यभानजी गहिवरले.

घरात आल्यावरही हेच चालू. पियुष बी.एस्सी.चा अर्ज घेऊन बसलेला, आणि गजेंद्र खाटेवर आडवा पडून त्याला सैन्याचं महत्त्व सांगतोय. रागिणी त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. शेवटी तिनं हात थांबवले.

"अवो, महिनाभर कॉलेज-कॉलेज करून तुमी माहं डोकं उठवलं. आता उलटं काहून बोलून राहिले?"

"माह्यामुळं गेली त्याची भरती," गजेंद्र छताकडं पाहत म्हणाला. "माह्या फाईलमुळं."

पियुषनं पेन खाली ठेवला. "बाबा, एक सांगू? रागवू नोका."

"बोल."

"तिसऱ्या चकरीतच माह्या बरगडीत कळ आली होती. वेळ बसतच नव्हता. मी इचार करून राहिलो होतो का आता लोकाइले काय सांगू, गल्लीतल्याइले काय सांगू. तेवढ्यात तुमचे कागद उडाले. मले तं सुटल्यावानी झालं."

गजेंद्र कोपरावर उठून बसला. बसपासून इथपर्यंत वाहिलेलं सगळं ओझं फुकटचं होतं, हे त्याच्या हळूहळू लक्षात येत होतं. रागवावं की हसावं, याचा निर्णय त्यानं नंतरवर टाकला.

"हरभरे जास्त झाले असतीन," रागिणी म्हणाली.

"अन् ते शेवटचे दोन चक्कर?" गजेंद्रनं विचारलं. "ते काहून आला माह्यासंग? वेळ तं संपला होता."

"तुमी थांबूनच नाई राहिले, तं मी कसा जाऊ?" पियुषनं पुन्हा पेन उचलला. "मी जाईन बाबा सैन्यात. तीन वर्षानं, अफसरची परीक्षा देऊन. तुमीच म्हनलं होतं ना? आता सही करा इथं."

गजेंद्रनं सही केली. स्वतःचंच म्हणणं पोराच्या तोंडून ऐकल्यावर त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. रागिणीनं हलकेच विचारलं, "पन 'आधी' काहून म्हनलं तुमी, खरं सांगा. नुस्तं फाईलसाठी?"

"मले वाटत होतं, त्या मैदानात आपल्यासारख्याचं काई काम नाई," तो म्हणाला. "पन पूर्ण झालं ना वं माह्याच्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खाटेवरून पाय खाली टेकवता आले नाहीत. मंगळवार होता, आणि ऑफिसात कालव्याच्या फायली वाट पाहत होत्या. त्यानं पियुषकडून कागद मागवला, पाठीमागं उशा लावल्या, आणि दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहायला घेतला. रजेचं कारण तो आजवर शेकडो अर्जांवर वाचत आला होता. ताप, लग्न, पाहुणे, ताप. पेन गालाला लावून तो बराच वेळ विचार करत राहिला. मग कारणाच्या रकान्यात त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'देशसेवा.' अर्जात माहिती अपुरी राहू नये, म्हणून पुढं कंसात लिहिलं, 'चार फेऱ्या.'